उद्याही जमेल एवढंच

थंडीचे दिवस आले की मोरजीच्या किनाऱ्यावर पहाटे चालायला येणारी माणसं वाढतात. टेंबवाड्याकडून विठ्ठलदासवाड्याच्या दिशेने, कुणी पुढे आश्वेपर्यंतही जातात. त्यांत नवीन आलेला माणूस चटकन ओळखू येतो. पायांत कोरे बूट असतात. चाल भरभर असते. कोरड्या, भुसभुशीत वाळूतून तो तावातावाने निघतो. किती दिवसांचं राहून गेलेलं काम त्याला आजच उरकायचं असतं. परतताना त्याचा हात कमरेवर असतो आणि पोटऱ्या भरून आलेल्या असतात. दोन-तीन दिवस तो दिसतो. मग दिसेनासा होतो. मनापासून आलेला असतो तो. त्याच्या इच्छेत काही कमी नसते. पहिल्याच दिवशी त्याने स्वतःकडून फार मागितलेलं असतं, एवढंच.

त्याच किनाऱ्यावर एकदा सासू-सुनेची एक जोडी दिसली. सून नवीनच चालायला लागली होती. हवा छान होती, अंगात उत्साह होता. ती म्हणाली, "मांय, मातशें फुडें वचूंया?" सासू थांबली, हसली आणि म्हणाली, "फाल्यां परत येवंक जाय न्हय?" आणि ती माघारी वळली. उद्या परत यायचं आहे ना, मग आज थोडं राखून ठेवू, असं तिचं म्हणणं. व्यायामाची सुरुवात करणाऱ्याला याहून चांगला सल्ला मिळणं कठीण. आज किती करायचं? उद्याही करावंसं वाटेल एवढं. अंगात थोडी ताकद शिल्लक असताना थांबावं. मनात थोडी हौस उरलेली असताना घरी यावं. ती उरलेली हौसच दुसऱ्या दिवशी आपल्याला पुन्हा दाराबाहेर काढते.

आपल्या आधीच्या पिढ्यांना वेगळा व्यायाम करावा लागला नाही. विहिरीचं पाणी ओढायचं, अंगण सारवायचं, शेतात वाकायचं, डोक्यावर माशांची पाटी घेऊन वाड्यावाड्यांतून फिरायचं. शिवोली-चोपड्याचा पूल होण्याआधी शापोरा नदी फेरीबोटीने ओलांडावी लागे, आणि धक्क्यापर्यंत पाय चालवावे लागत. आता नळाला पाणी आहे, दारात स्कूटर आहे. हे सुख कष्टाने मिळवलेलं आहे, त्याबद्दल वाईट वाटून घेण्याचं कारण नाही. पण घरातली कामं हलकी झाली आणि शरीराची हालचालही त्यांच्याबरोबर निघून गेली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पुढाकाराने देशभर झालेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण आपल्या गोव्यात आढळलं, 26.4 टक्के. देशाचं प्रमाण 11.4 टक्के होतं. म्हणजे इथल्या मोठ्या माणसांत साधारण चारांतल्या एकाला हा आजार. घाबरवण्यासाठी हा आकडा सांगत नाही. वजन थोडं उतरवणं आणि अंग हलतं ठेवणं हा आता घरोघरचा विषय आहे, तो कुणा एकाचा कमीपणा नाही, एवढं त्यातून कळावं.

मग सुरुवात कुठून करायची? दहा मिनिटांच्या चालण्यापासून. रोज आपल्याकडे जे काही न चुकता घडतं, त्याच्या शेपटीला ही दहा मिनिटं बांधावीत. पोदेराच्या सायकलीचा भोंगा वाजतो, आपण पाव घेतो, पिशवी ओट्यावर ठेवतो आणि चपला न काढता तसेच बाहेर पडतो. पाच मिनिटं जायचं, पाच मिनिटं यायचं. वाड्याच्या टोकाच्या वळणापर्यंत गेलात तरी झालं. कुणाची पाच मिनिटं मोरजाईच्या देवळाच्या वाटेवर संपतील, कुणाची दुकानापर्यंत. घड्याळ लावून उठण्याची आठवण ठेवावी लागते, पोदेराची ठेवावी लागत नाही. तो येतोच. नव्या सवयीला असा जुना आधार मिळाला की तिचं ओझं वाटत नाही. ज्यांना सकाळी डबे, शाळा, बस यांतून मान वर करता येत नाही, त्यांनी संध्याकाळचा पोदेर धरावा, किंवा रात्री जेवणानंतरची भांडी आवरून झाली की दारापुढच्या रस्त्यावर शतपावली करावी. वेळ कुठली, याला महत्त्व कमी. रोज तीच असावी, याला जास्त.

किती जोरात चालायचं, याचं मोजमाप आपल्याजवळच असतं. चालताना शेजाऱ्याशी बोलता यावं, पण अभंग म्हणता येऊ नये. बोलणंही जमत नसेल तर वेग जास्त झाला. अभंग आरामात म्हणता येत असेल तर थोडा वाढवायला हरकत नाही. पहिले दोन आठवडे फक्त दहा मिनिटं. पंधरवड्यानंतर पाच मिनिटं वाढवा. आणखी पंधरवड्याने पुन्हा पाच. असं करता करता दोनेक महिन्यांत अर्धा तास कसा होतो ते कळतही नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं असं मध्यम वेगाचं चालणं सांगते. आठवड्याचे पाच दिवस अर्धा तास, एवढाच त्याचा हिशेब. आणि तिने 2020 साली दिलेल्या मार्गदर्शनात एक दिलासा आहे. थोडं थोडं केलेलंही जमेस धरलं जातं. सकाळची दहा मिनिटं आणि संध्याकाळची दहा मिनिटं मिळून वीसच होतात.

मोबाइलवर पावलं मोजणारी मंडळी दहा हजारांच्या आकड्याने दडपून जातात. हा आकडा मुळात जपानमधून आला. तिथे 1965 च्या सुमारास पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. तेव्हा त्यामागे वैद्यकीय अभ्यास नव्हता. पुढे 2019 साली अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक वयस्क बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे 2,700 पावलं चालणाऱ्या बायकांपेक्षा सुमारे 4,400 चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण पुष्कळ कमी दिसलं. साधारण 7,500 पावलांनंतर त्यात फारशी भर पडली नाही. आज मोबाइल दोन हजार दाखवत असेल तर उद्याचं लक्ष्य अडीच हजार. दहा हजार पावलं चालणाऱ्यांचं कौतुक करावं, पण आपली तुलना आपल्या कालच्या दिवसाशी ठेवावी.

किनाऱ्यावर चालणाऱ्यांनी वाळूची एक गोष्ट लक्षात घ्यावी. सैल वाळूत पाय रुततो आणि प्रत्येक पाऊल उचलायला जास्त जोर लागतो. कडक जमिनीवर चालायला जेवढी शक्ती लागते, तिच्या दुपटीहून अधिक शक्ती त्याच वेगाने वाळूत चालायला लागते, असं मोजून पाहिलेलं आहे. म्हणून पहिल्याच दिवशी पोटऱ्या भरून येतात. नवीन माणसाने पाण्याजवळच्या ओल्या, घट्ट वाळूवरून चालावं. ती सुकतीच्या वेळी मिळते. पण सुकतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून केवळ किनाऱ्यावर अवलंबून राहू नये. भरती असेल त्या दिवशी गावातला रस्ता आहेच. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत किनाऱ्यावर कासवांच्या अंड्यांभोवती वनखात्याचं कुंपण दिसतं. तिथून लांबून जावं, अंधारात टॉर्च फिरवू नये. गुडघे दुखत असतील तर सपाट रस्ता बरा, आणि चपलांपेक्षा साधे, मऊ तळाचे बूट बरे. महागडे लागत नाहीत.

आता सवयीविषयी. माडाचं रोप लावलं की आपण त्याला एकाच दिवशी विहीर उपसून घालत नाही. रोज एक कळशी घालतो. एखाद्या दिवशी घरात पाहुणे आले आणि कळशी राहिली, तर रोप उपटून टाकत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी घालतो. शरीराच्या बाबतीत मात्र आपण फार कडक होतो. दोन दिवस चुकले की "आपल्याच्याने हे होणार नाही" म्हणून मोकळे होतो. लंडनमध्ये 96 माणसांवर सवयींचा एक अभ्यास झाला. एखादी नवी गोष्ट न आठवता, आपसूक हातून घडायला लागण्यासाठी सरासरी 66 दिवस लागले. पण माणसामाणसांत फरक फार होता. कुणाचं काम 18 दिवसांत झालं, कुणाला त्या गतीने 254 दिवस लागले असते. आणि मधला एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली नाही. हे ऐकून मन हलकं होतं. दिवस चुकणारच. घरात आजारपण येईल, लग्न येईल, रात्रपाळी येईल. चुकलेल्या दिवसाची भरपाई दुसऱ्या दिवशी दुप्पट चालून करू नये. नेहमीची दहा मिनिटं चालावीत. आपण परत आलो, हेच त्या दिवसाचं मोठं काम.

चालण्याने अंगात दम येतो, झोप चांगली लागते, साखर आणि रक्तदाब आटोक्यात राहायला मदत होते. वजन उतरण्याचा मोठा भाग मात्र ताटात ठरतो. सत्तर किलोचा माणूस अर्धा तास चालला तर साधारण सव्वाशे कॅलरी खर्च होतात. गाड्यावरचा एखादा बटाटवडा तेवढ्या सहज परत देतो. म्हणून ताटाकडेही त्याच नजरेने पाहावं. उद्याही जमेल एवढाच बदल आज करावा. भात सोडायची गरज नाही. शीत-कढीवर वाढलेल्या माणसाला भात सोडायला सांगितलं तर तो चार दिवस ऐकेल आणि पाचव्या दिवशी दुप्पट जेवेल. भाताचा एक डाव कमी करावा आणि त्या जागी तांबडी भाजी, दोडकी, भेंडी, मुळ्याचा पाला यांतलं काही वाढून घ्यावं. पहिले चार घास भाजीचे खावेत. हुमणातला बांगडा तसाच राहू दे, रव्यात तळलेली मासळी आठवड्यातून एखाद-दोनदा. ज्या दिवशी मासळी नसते त्या दिवशी अळसांदे, मूग, चवळी किंवा अंडं असावं. अशा जेवणाने पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि चार वाजता गाड्याकडे पाय वळत नाहीत. पोट अर्धं ठेवून उठायचं नाही. पोट भरल्यावर मात्र उठायचं. पातेल्यात थोडंसंच उरलं आहे म्हणून ते संपवण्याची जबाबदारी घरच्या बाईने आपल्या पोटावर घेऊ नये.

चहाचंही असंच. कपाला दोन चमचे साखर, दिवसाला चार कप, म्हणजे आठ चमचे. चमच्याला पाच ग्रॅम धरले तर चाळीस ग्रॅम झाले. दिवसाला वरून घातलेली साखर पंचवीस ग्रॅमच्या आत असावी, असा सल्ला आहार सांगणारे देतात. एका दिवसात फिका चहा प्यायला लागू नये, तो जमत नाही. दोन चमच्यांचा दीड चमचा करावा. आठ-दहा दिवसांत जीभ तेवढ्याला सरावते. मग एक करावा. घरातल्या सगळ्यांच्या कपात हळूहळू हा बदल झाला तर वेगळा चहा करण्याचा व्याप राहत नाही, आणि घरातल्या पोरांनाही कमी गोडाची चव लागते. एका वेळी एकच बदल हाती घ्यावा. या पंधरवड्यात साखर, पुढच्यात भात, त्यापुढच्यात तळण. तिन्ही एकदम बदलले की घरात कुरबुर सुरू होते आणि आपलंही मन बंड करून उठतं.

मग वजनकाटा. त्याच्यावर रोज उभं राहू नये. मीठ जास्त खाल्लं, पाणी जास्त प्यालं, पोट साफ झालं नाही, एवढ्यानेसुद्धा काटा अर्धा-एक किलो इकडेतिकडे होतो. त्यात आपल्या मेहनतीचा हिशेब नसतो. आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, सकाळी उठल्यावर वजन पाहावं आणि कॅलेंडरवर लिहून ठेवावं. त्याच्या जोडीला शिवणकामाची टेप घेऊन कमरेचा घेर मोजावा. बरगडीचं खालचं टोक आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, पोट आत न ओढता. आपल्याकडच्या पुरुषांचा घेर 90 सेंटीमीटरच्या आत आणि बायकांचा 80 सेंटीमीटरच्या आत असावा, असं डॉक्टर सांगतात. वजनापेक्षा घेराकडे लक्ष का द्यायचं, हे पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी छान दाखवलं आहे. त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली आपल्या दोघांचा एक फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के निघाली. आपल्या लोकांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, दिसायला माणूस सडपातळ असला तरी. म्हणून बारीक माणसानेही चालावं. आणि जाड माणसाने काटा हलला नाही म्हणून निराश होऊ नये. साडीचा किंवा पँटचा घेर सैल झाला तर काम चालू आहे.

फार वजन उतरवावं लागतं, हाही गैरसमज दूर ठेवावा. अमेरिकेतल्या एका प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसांना आठवड्याला 150 मिनिटं चालणं आणि वजनात 7 टक्के घट, एवढंच लक्ष्य दिलं होतं. 2002 साली निकाल आला. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी झालं होतं. आपल्याकडे चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी असाच प्रयोग केला. 2006 मध्ये त्यांनी मांडलेला फरक 28.5 टक्क्यांचा होता. सत्तर किलोच्या माणसाचे 7 टक्के म्हणजे पाच किलो. महिन्याला एक किलोच्या शांत गतीने गेलं तर पाच-सहा महिन्यांचं काम. आज पौष असेल तर चवथीपर्यंत सहज होईल. एवढ्या हळू उतरलेलं वजन टिकण्याची आशा जास्त, कारण तोवर आपलं रोजचं जगणंच थोडं बदललेलं असतं.

चालणं अंगवळणी पडलं की हातापायांच्या ताकदीकडे वळावं. पूर्वी नारळ खवायला, भाजी चिरायला, जेवायला खाली बसावं लागे आणि उठावं लागे. त्या उठबशीने मांड्या मजबूत राहत. आता सगळं उभ्याने किंवा टेबलावर होतं. म्हणून जेवणाच्या खुर्चीवर बसायचं आणि हाताचा आधार न घेता उठायचं, असं पाच वेळा करावं. भिंतीला तळहात टेकून छाती भिंतीकडे न्यायची आणि मागे यायचं, तेही पाच वेळा. आठवड्यातून दोन दिवस एवढं पुरे. ज्यांना जमेल त्यांनी सूर्यनमस्कार घालावेत. सातारा जिल्ह्यातल्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते आपल्या संस्थानातल्या शाळाशाळांत नेले आणि स्वतः म्हातारपणापर्यंत रोज घातले. सूर्यनमस्कारांना ना यंत्र लागतं, ना फी. एका चटईची जागा पुरते. नवख्याने दोन नमस्कारांनी सुरुवात करावी. राजाच्या वयापर्यंत पोचायचं तर दोनच पुष्कळ.

आपल्याकडचं ऋतुचक्रही विचारात घ्यायला हवं. मे महिन्यात आठ वाजताच ऊन तापतं, तेव्हा वेळ अलीकडे घ्यावी. मृग लागला की समुद्र खवळतो, किनाऱ्यावर जाण्याचे दिवस संपतात. पुष्कळांचं चालणं तिथेच थांबतं. पावसासाठी जागा आधीच ठरवून ठेवावी. घरच्या सोप्यावर, शाळेच्या व्हरांड्यात, देवळाच्या सभामंडपात दहा मिनिटं येरझाऱ्या घालता येतात. मग चवथ येते. नेवऱ्या येतात, त्यांचे डबे भरतात. त्या आनंदाने खाव्यात. दिवसाला एक-दोन, बसून, चवीने. आणि रात्री माटोळीखाली फुगड्या रंगतात तेव्हा कोपऱ्यात बसू नये. फुगडी घालणाऱ्या बाईला जी धाप लागते, ती व्यायामाचीच धाप असते. पौषातले धालो, फाल्गुनातला शिगमो यांनी गावाला वर्षभर नाचतं ठेवलं आहे. व्यायाम म्हणजे काहीतरी परकं, असं वाटण्याचं कारण नाही. अंग हलवण्यातला आनंद इथल्या मातीला ठाऊक आहे.

सोबत मिळाली तर ती घ्यावी. शेजारीण दारात वाट पाहत असेल तर कंटाळ्याला जागा राहत नाही. घरातल्या माणसांनीही एक पथ्य पाळावं. "किती किलो कमी झाले?" असं रोज विचारू नये. "आज जाऊन आलीस?" एवढं विचारावं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर माणसाच्या हातात पूर्णपणे नसतं, दुसऱ्याचं असतं. छातीत दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, थोडं चालल्यावर फार दम लागणं असं काही होत असेल, मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर जवळच्या आरोग्य केंद्रात डॉक्टरांना एकदा विचारून मगच सुरुवात करावी. साखर किंवा वजन कमी होऊ लागलं तर औषधांचं प्रमाण तेच ठरवतील, आपण ठरवू नये. आणि स्वतःशी बोलताना आवाज मऊ ठेवावा. ज्या शरीराने इतकी वर्षं ओझी वाहिली, मुलं वाढवली, पाळ्या केल्या, त्याच्याशी रागावून बोलण्यात काय अर्थ? त्याची काळजी घ्यायला आपण थोडा वेळ काढतो आहोत, असं म्हणावं.

तेव्हा आजच्यासाठी तीनच गोष्टी. आज कामावरून आल्यावर चपला काढण्याआधी दहा मिनिटं चालून या. रात्रीच्या ताटात भाताचा एक डाव कमी आणि भाजीचा एक डाव जास्त घ्या. आणि झोपताना स्वतःला एकच प्रश्न विचारा, हे उद्या जमेल का? "हो" असं उत्तर आलं तर तुमची सुरुवात झाली आहे. "नाही" आलं तर मागणं थोडं कमी करा. दहाची सात मिनिटं करा, पाच करा, पण उद्यासाठी जागा ठेवा. उद्या जमेल एवढंच रोज करणारा माणूस वर्षाच्या शेवटी पुष्कळ पुढे गेलेला असतो. तो तुम्हीही असाल.